पावणेसातची घंटी

२१ ऑगस्ट १९८३, रविवार

दैनंदिनी लिहिण्याची सवय मला नाही. कंपनीने जानेवारीत वाटलेली ही डायरी आजवर कोरीच पडली होती. मुखपृष्ठावर ट्रक आणि प्रत्येक पानाखाली एक सुविचार. आज उघडली, कारण टेलिफोनला काहीतरी झालं आहे आणि बिघाड पकडायचा तर नोंद ठेवावी लागते. वाडीच्या गोदामात अकरा वर्षं मी हेच केलं. माल कुठे गळतो ते डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसतं.

तर नोंद. संध्याकाळी पावणेसात. मी बैठकीत पेपर वाचत होतो. फोन वाजला, पण धड वाजला नाही, घंटी नुसती किणकिणली. टिण टिण टिण. थांबली. टिण टिण. पुन्हा थांबली. मी उठून जाईपर्यंत गप्प.

"उत्तरा, फोन ऐकलास?"

"नाही बा. तुमचे कान वाजून राहिले असतील," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली आणि तिने रेडिओ मोठा केला.

आठ वर्षं वाट पाहून जूनमध्ये हा फोन घरी आला. गोकुळपेठेतल्या आमच्या गल्लीत हा पहिला. पहिल्याच आठवड्यात अर्धी गल्ली "एकच फोन करू द्या" म्हणत आली, तेव्हा मी डायलच्या भोकात घालायचं पितळी कुलूप आणलं. किल्ली जानव्याला बांधली आहे. आजोबा तिजोरीची बांधत, मी फोनची बांधतो.

दुसरं यंत्र वर आहे, बाबांच्या खोलीत. ते खात्याला माहीत नाही. जुन्या बाजारातून आणून मीच तार ओढून जोडलं. बाबांना एकटं वाटू नये ही कल्पना उत्तराची, जोडणी माझी. त्यालाही कुलूप आहे. बाबांना त्याचा काही उपयोग नाही म्हणा. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. "आ" याखेरीज शब्द निघत नाही. पण खोलीत फोन असला की माणसाला बरं वाटतं, असं उत्तरा म्हणते.

२२ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा! बरोबर पावणेसात. टिण टिण टिण, टिण टिण, मग चार वेळा. पुढचं रेडिओच्या गोंधळात गेलं.

मागच्या आठवड्यात माझी बदली वाडीहून गांधीबागेच्या बुकिंग ऑफिसात झाली. पूर्वी घरी यायला आठ वाजत, आता सहाला चहा हातात असतो. म्हणजे हा आजार कधीपासूनचा आहे देव जाणे. मी घरी नसताना काय काय वाजत असेल!

मी लवकर यायला लागलो याचा उत्तराला आनंद व्हायला हवा. उलट आज म्हणते, "दिवसभर खुर्चीत बसता, जरा तलावावर चक्कर मारून या ना. सातनंतर आलात तरी चालते." चौदा वर्षांत माझ्या तब्येतीची इतकी काळजी तिने पहिल्यांदाच केली.

२४ ऑगस्ट, बुधवार

काल आणि आज, दोन्ही दिवस. आज रेडिओ बंद करायला लावून, पेन्सिल घेऊन यंत्रासमोर बसलो. नोंद अशी: तीन, दोन, चार, एक, तीन. मग बंद.

उत्तराने नेमका त्याच वेळी पितळी डबा पाडला. तिच्या हातून वस्तू फार पडायला लागल्या आहेत.

२७ ऑगस्ट, शनिवार

आज एक पाऊल पुढे. घंटी थांबल्यावर मिनिटभर थांबलो आणि हळूच फोन उचलला. आत आवाज होता. खर्र, टक, टक, खर्र. ढिल्या जोडाची खरखर असते तशीच. मी श्वास रोखून ऐकत होतो, तेवढ्यात खरखर थांबली. मग कोणीतरी बाई खोकली. बाई! मी ओरडलो, "हॅलो, कोण आहे?" खट्. संपलं.

म्हणजे नुसता बिघाड नाही. कोणीतरी माझ्या लाइनीवर आहे. कोणी तार जोडून माझा फोन वापरत असेल, तर ते आमच्या घरातलं बोलणंही ऐकत असेल. तसं आम्ही फोनवर काही विशेष बोलत नाही, पण प्रश्न तो नाही.

वर जाऊन तिकडचं यंत्र पाहिलं. कुलूप जागच्या जागी. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते, डावा हात फोनवर. बिचाऱ्यांना यंत्राचा गारवा बरा वाटत असेल. मी विचारलं, "बाबा, इथे घंटी वाजली का?" त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. त्यांना आता काही कळत नाही, असं मला वाटतं.

३० ऑगस्ट, मंगळवार

संशय पक्का झाला म्हणून शेजारच्या ओमप्रकाशला गाठलं. त्याचं कापडाचं दुकान आहे आणि त्याच्या गच्चीवरून आमची तार जाते. मी आडून आडून विचारलं, पण मला आडून विचारता येत नाही, असं दिसतं.

"मार्तंडभाऊ," तो म्हणाला, "माझ्या घरी तं यंत्रच नाही. तुमची लाइन चोरून मी का तिच्यावर लुगडी वाळत घालू? चला, गच्ची पाहून घ्या."

पाहिली. लुगडीच वाळत होती. खाली उतरताना त्याने चहा पाजला, तो घशाखाली उतरेना.

घरी उत्तरा म्हणाली, "काखेत कळसा न् गावाला वळसा." मी म्हटलं, कसला कळसा? ती म्हणाली, "काही नाही, म्हण आठवली."

४ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून तार तपासली. पेरूची फांदी घासत होती, ती छाटली. दोन जोड सोडून पुन्हा झाळले. भिंतीवरची लाकडी पेटी उघडली, आत पालीची अंडी. वाटलं, सापडला चोर! पण संध्याकाळी पुन्हा तेच: तीन, दोन, चार, एक, तीन.

झाळकाम करताना बाबांची आठवण येत होती. म्हणजे पूर्वीच्या बाबांची. बाबा तारघरात होते, एकतीस वर्षं. लहानपणी रात्री जेवणं झाली की ते पाटावर बोटाने तारेची कट्ट-कडकट्ट लिपी शिकवत, मला आणि ताराला. माझ्या नावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षराचे दोन लांब ठोके, ताराच्या अक्षराचा एकच. तारा महिन्याभरात सगळी अक्षरं शिकली. मी त्या दोन ठोक्यांच्या पुढे गेलो नाही, आणि बाबा म्हणत, "मार्तंडा, दुसरा ठोका घाईत मारतोस. हजार माणसांत ओळखेन तुझा हात." तारवाल्यांचं हे एक असतं. पलीकडे कोण बसलंय ते ते हातावरून ओळखतात.

ताराचं नाव लिहून गेलो. या घरात ते चार वर्षांत कोणी घेतलेलं नाही, निदान माझ्यादेखत नाही. माझी बहीण. तारघरात बाबांच्या शेजारच्या टेबलावर देवाजी बसत. ते छप्पन्नसालच्या दीक्षेतले. त्यांच्या मुलाशी ताराने कोर्टात जाऊन लग्न केलं. त्या मुलाचं नाव मी लिहिणार नाही. मी तेव्हा दारात उभा राहून म्हणालो होतो, पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. लोकांना मी सांगतो की मला विचारलं नाही याचा राग आहे. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का, हे मला कोणी विचारत नाही, ते बरं आहे.

बाबा त्या दिवशी काहीच बोलले नव्हते. तेव्हा तर त्यांना बोलता येत होतं.

८ सप्टेंबर, गुरुवार

काल पोळा, आज मारबत. पुतळ्यांच्या मिरवणुकीमुळे गांधीबागेचे रस्ते बंद, ऑफिस दुपारीच सुटलं. "घेऊन जाय गे मारबत!" म्हणून पोरं ओरडत होती. रोगराई, महागाई, ढेकूण, सगळं गावाबाहेर न्यायला सांगत होती. मीही गर्दीत उभा राहून हळूच म्हटलं, माझ्या फोनचा रोग घेऊन जाय गे मारबत. आणि काय सांगू, काल आणि आज घंटी वाजलीच नाही! उत्तराला सांगितलं तर म्हणते, "सुट्टी असेल."

बिघाडाला सुट्टी! बायकांचं तर्कशास्त्र.

९ सप्टेंबर, शुक्रवार

पावणेसात. तीन, दोन, चार, एक, तीन. मारबत काही कामाची नाही.

१२ सप्टेंबर, सोमवार

झोप लागत नाही. ऑफिसात मालाच्या बिल्टीवर पुलगावऐवजी पावणेसात लिहिलं, सायबांनी हसून कागद परत दिला. संध्याकाळी सहापासून माझं लक्ष घड्याळाकडे, आणि उत्तराचं माझ्याकडे.

शेवटी आज तक्रार नोंदवली. परवा लाइनमन येणार. आता अडचण अशी की तो येण्याआधी वरचं यंत्र काढायला हवं. दुसऱ्याची चोरी पकडायला बोलावलेल्या माणसाला स्वतःची कशी दाखवायची?

१४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी वरचं यंत्र काढलं, तार गुंडाळून माळ्यावर टाकली. बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. पकड अजून जबर आहे. मी म्हटलं, "दोनच दिवस, बाबा. लाइनमन येऊन गेला की लावतो." त्यांनी सोडलं नाही, बोटं सोडवून घ्यावी लागली.

लाइनमनचं नाव बळीराम. पोटाला अवजारांचा पट्टा, तोंडात सुपारी. खांबापासून यंत्रापर्यंत सगळं पाहून म्हणाला, "साहेब, लाइन तं एकदम झकास हाये. तुमी काहून घाबरून राहिले?"

मी घंटीचं सांगितलं. तो हसला. "एका लाइनीवर दोन यंत्रं असली आन् एकावरून कोनी नंबर लावला, का दुसऱ्याची घंटी अशी टिणटिणते. पन तुमच्याकडं तं एकच हाये ना?"

"एकच," मी म्हटलं.

"मंग सोडा." मग त्याला कुलूप दिसलं. "हे काहून लावलं जी?"

"कोणी नंबर फिरवू नये म्हणून."

"कुलपानं का होते! पाहा." त्याने फोन उचलला आणि ज्या दांड्यांवर तो ठेवतात त्या बोटाने ठोकल्या. दोनदा ठोकून थांबला, मग पाचदा, असं करत गेला. डायलला हात न लावता त्याच्या ऑफिसात फोन लागला, तिथल्या कोणाला तरी त्याने "डबा खाऊन घे, मले उशीर आहे" असं सांगितलंदेखील. मी थक्क.

"तारघरातले म्हातारे तं डोळे मिटून लावत होते," तो म्हणाला. मग दारावरची बाबांच्या नावाची पाटी वाचून म्हणाला, "अरे, कृष्णकांतबाबूंचं घर हाये हे? मंग तुमाले कुलूप काय कामाचं!" आणि पायऱ्या उतरेपर्यंत हसत होता. या लोकांना चहा दिला की डोक्यावर बसतात.

१९ सप्टेंबर, सोमवार

यश! वरचं यंत्र काढल्यापासून सहा दिवसांत एकदाही टिण नाही. म्हणजे दोष वरच्या तारेतच होता. दमट भिंत. बळीराम काही सांगो, शेवटी नोंदच कामी आली. वरचं यंत्र आता लावायचंच नाही असं ठरवलं.

उत्तराला हे सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही बाबांना दोन दिवस म्हणाले होते."

"त्यांना काय कळतंय?"

तिने सुरी ठेवली आणि परसात निघून गेली. भाजी जळली.

२१ सप्टेंबर, बुधवार

बाबा जेवत नाहीत. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवतात. परवापर्यंत दूध तरी घेत होते. हवा बदलली की म्हाताऱ्यांचं असं होतं.

घर शांत आहे, पण मला चैन नाही. पावणेसात वाजता मी अजूनही यंत्राकडे पाहतो. आज तर रेडिओही लागला नाही. मी विचारलं तर उत्तरा म्हणाली, "आता कशाला लावू?"

२३ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरांना आणलं. रक्तदाब ठीक, छाती ठीक. खाली आल्यावर हात धुता धुता ते म्हणाले, "औषधाने होईल असं काही नाही. त्यांनाच जेवायचं नाही. असेच आठ-दहा दिवस गेले तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. मनाला काही लागलंय का त्यांच्या?"

मनाला काय लागणार? सून सेवा करते, मुलगा वेळेवर औषधं आणतो. कोणाशी भांडण नाही की तंटा नाही. डॉक्टरांना फी दिली, पण राग आला. मग घाबरलो. बाबा जातील, असं या घरात आज पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलो. भिंतीकडे तोंड करून पडले होते. डाव्या हाताची बोटं खाटेच्या माचव्यावर चाळा करत होती. कधी टकटक, कधी नख ओढून खर्र. मला वाटलं पाणी हवंय, पेला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि सावकाश उपडा केला. चादर बदलावी लागली. मी रागावलो, हेही लिहून ठेवतो.

२८ सप्टेंबर, बुधवार, रात्री

सगळं क्रमाने लिहितो.

आज अर्धी रजा घेतली होती. बाबा सकाळी नुसतं पाणी प्यायले. मी खाली बसलो, काही सुचेना, म्हणून तक्रारीचा शेवटचा कागद करायला घेतला. बिघाड मिटला असं लेखी कळवायचं होतं. त्यासाठी या डायरीतल्या नोंदी एकाखाली एक उतरवल्या. चोवीस ऑगस्ट: तीन, दोन, चार, एक, तीन. चार सप्टेंबर: तीन, दोन, चार, एक, तीन. नऊ सप्टेंबर: तेच.

बिघाड इतका शिस्तीचा नसतो. गोदामात रोज नेमकी तीच पाच पोती कमी झाली, तर आपण उंदरांचं नाव घेत नाही.

पाच आकडे. नागपुरात फोनचा नंबर पाच आकड्यांचा असतो.

मग एकेक सगळं अंगावर आलं. एका लाइनीवर दोन यंत्रं असली की. कुलपानं का होते. तारघरातले म्हातारे. खर्र, टक, टक. माझं मनगट. बाबांना बोलता येत नाही, पण त्यांचा डावा हात शाबूत आहे, आणि एकतीस वर्षं ते तोंडाने बोललेच कुठे होते? मी जोड झाळत बसलो होतो आणि डोक्यावर बाबा बोलत होते.

घड्याळात साडेसहा. उत्तरा दारात उभी होती. मी कागद पुढे केला. "हा कोणाचा नंबर?"

तिने पाहिला. "मला काहून विचारता? किल्ली तुमच्याजवळ आहे. लावून पाहा."

"तुला माहीत आहे."

"मीच तर दिला बाबांना," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्यांनी शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. पाटीवर लिहून, डाव्या हातानं. मी शपथ पाळली. पण आता ते मरून राहिलेत, अहो. आता मला नाही पाळवत."

जानव्याची गाठ सुटेना. तिनेच सोडून दिली.

पावणेसात वाजता मी नंबर फिरवला. तीन, दोन, चार, एक, तीन. दोनदाच वाजला आणि कोणीतरी उचलला. हॅलो नाही, काही नाही. लांब कुठेतरी मुलींचा गलका आणि जवळ एक श्वास. कोणीतरी वाट पाहत होतं. मग अगदी हलकेच नख ओढल्याचा एक आवाज आला. खर्र. एकच.

एकच लांब ठोका. पाटावर बसून ताराने शिकलेला.

मला बोलायचं होतं. चार वर्षांचं काय बोलतात? ठेवून द्यावा असं वाटलं, खरंच वाटलं. उत्तरा समोर उभी होती. काय करावं ते न कळून मीही यंत्रावर नख ओढलं. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा.

पलीकडे श्वास थांबला.

"दादा?"

मी नख तसंच यंत्रावर टेकवून ठेवलं.

"दादा, तूच आहेस. दुसरा घाईत मारलास." आणि मग तिचा आवाज एकदम फुटला. "बाबा गेले का रे?"

माझ्या बहिणीला मी फोन करावा असं एकच कारण जगात शिल्लक राहिलं आहे, असं तिला वाटत होतं. ते तिला मीच शिकवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही, तारा. जेवत नाहीत. चौदा दिवस झाले, मी त्यांचा फोन काढला." मी फोन दोन्ही हातांनी धरला. "तू ये. तुम्ही दोघंही या."

ती रडत होती, मीही रडत होतो, आणि मागे मुली विचारत होत्या, "मॅडम, काय झालं?"

ती जरीपटक्याजवळ मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करते, हे मला उत्तराने नंतर सांगितलं. संध्याकाळी साडेसहाला हजेरी घेते आणि मग फोनजवळ बसते. सणासुदीला मुली घरी गेल्या की ऑफिस बंद असतं. रोज बाबा ठोक्यांनी दिवसभराचं सांगतात, ती बोलून उत्तर देते. बाबा काय सांगतात, मी विचारलं. उत्तरा म्हणाली, "जेवायला काय होतं ते. तुमची बदली झाली ते. तुम्ही तार शोधून राहिलात ते सांगताना दोघं लई हसले म्हणे."

२९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नऊला तारा आली. केस पिकायला लागलेत तिचे. सोबत गोविंदा होता. हे त्याचं नाव, गोविंदा. तो पायरीशी थांबला. मीच तर चढू नका म्हटलं होतं. मी खाली उतरलो आणि "चला" म्हटलं. आणखी काही बोलायला हवं होतं, ते आलं नाही. त्याने मान हलवली आणि चपला काढल्या.

वर तारा बाबांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या तळहातावर बोटाने ठोकू लागली. बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मी दाराबाहेर उभा होतो, त्यामुळे पुढचं पाहिलं नाही. पाहवलं नसतंच. तासाभराने उत्तरा रिकामी वाटी घेऊन बाहेर आली. मऊ भात आणि वरण. सगळं संपवलं होतं.

माळ्यावरून यंत्र काढलं. गोविंदाने शिडी धरली, मी तार जोडली. कुलूप लावलं नाही. बाबांनी फोन उचलून कानाला लावला, ऐकलं, ठेवला आणि माझ्या मनगटावर काहीतरी ठोकलं. मी ताराकडे पाहिलं.

"म्हणतात, जोड ढिला आहे."

जाऊन पाहिलं. खरंच ढिला होता.

५ ऑक्टोबर, बुधवार

तारा आणि गोविंदा रविवारी जेवायला येतात असं ठरलं आहे. गल्लीत कुजबुज सुरू झाली, ओमप्रकाशने दोनदा विचारलं. सांगितलं, बहीण आहे. हे सांगताना अजून मला कसंतरी होतं, आणि तसं होतं याची लाजही वाटते. पाटावर बोटं आपटून पाहतो, दोन अक्षरं आठवली आहेत. बाबा म्हणतात, हात सुधारत नाही.

संध्याकाळी उत्तरा बाजारात गेली होती. मी बैठकीत पेपर वाचत होतो. पावणेसातला घंटी किणकिणली. टिण टिण टिण. टिण टिण.

मी उठलो आणि रेडिओ मोठा केला.